दोन ग्लास शेजारी ठेवा: व्हिस्कीतला फरक ओळखायला कसं शिकावं

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: महिन्यातून एक-दोनदा ऑफिसच्या मित्रांसोबत बसणं होतं, पिणं बहुतेक सोड्यातूनच. बाकीचे स्कॉच, बर्बन, सिंगल माल्ट असं बोलत असतात आणि तुम्हाला सगळ्या सारख्याच लागतात. मध्यंतरी हिंमत करून एक महागडी सिंगल माल्ट आणलीत, तर ती घसा जाळत गेली. आता तुम्ही विचारताय की आपल्या जिभेतच काही कमी आहे का, आणि शिकायचं तर सुरुवात कोणत्या बाटलीपासून करायची.

जिभेत काही कमी नाही. मी मुंबईत बरीच वर्षं बारमागे उभा आहे, आधी हॉटेलात, आता दादरजवळच्या एका बारमध्ये. "मला फरक कळत नाही" म्हणणारी माणसं रोज भेटतात. त्यांच्यापुढे दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवले आणि नुसता वास घ्यायला सांगितलं, की बहुतेकांना मिनिटभरात फरक लागतो. नाव सांगता येत नाही, पण "ही वेगळी आहे" हे ठामपणे सांगता येतं. तुमची खरी अडचण एवढीच की तुम्ही दोन व्हिस्की कधी एकत्र चाखलेल्याच नाहीत. एक गेल्या महिन्यात, दुसरी या शनिवारी, दोन्ही सोड्यात, दोन्हींबरोबर मसाला शेंगदाणे. वासाची आठवण इतके दिवस कुणाचीच टिकत नाही.

म्हणून बाटलीच्या आधी पद्धत सांगतो. स्कॉच, बर्बन, आयरिश ही नावं म्हणजे त्या त्या देशाचे कायदे आहेत: कुठे गाळली, कोणत्या धान्याची, किती वर्षं कशात ठेवली. ग्लासात जे कळतं ते मात्र चार गोष्टींमधून येतं: धान्य, धूर, लाकूड आणि हवामान. यांपैकी एकच गोष्ट ठळकपणे वेगळी असेल अशी जोडी लावायची. ती गोष्ट एकदा नाकात बसली की नाव मागून येऊन चिकटतं. नावं आधी पाठ करणारे लोक वर्षानुवर्षं लेबलच पीत राहतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. खर्च किती करायचा, तुमच्या वाईन शॉपमध्ये काय मिळतं, बरोबर शिकायला एखादा मित्र तयार आहे का. आणि आवडीचं म्हणाल तर धुराचा वास काहींना पहिल्याच दिवशी आवडतो, काहींना कधीच नाही. ओळखता येणं आणि आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला आधी पहिली साधायची आहे.

आता सोड्याचं गणित पाहा. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं. ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये १५० मिली सोडा ओतला की ग्लासात उरतं साधारण सात टक्के, म्हणजे स्ट्राँग बिअरच्या आसपास. त्यात बर्फ, त्यात बुडबुडे. अशा पेयात फरक लागला नाही तर त्यात नवल नाही. सोडा वाईट आहे असं मी म्हणत नाही, उकाड्यात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण शिकण्याच्या संध्याकाळी तो बाजूला ठेवा. त्याच ३० मिलीत चहाचा एक चमचा साधं पाणी घातलं तर ती सुमारे ३७ टक्क्यांवर येते. नाकातली झिणझिणी कमी होते आणि मागचे वास पुढे येतात. दोन चमचे घातले तर ३२ टक्के. माझ्या अनुभवात नवशिक्याला ३२ ते ३७ मध्येच सगळ्यात जास्त कळतं. काहीही न मिसळता, म्हणजे ‘नीट’, पिण्यात मर्दुमकी आहे ही समजूत सोडून द्या. डिस्टिलऱ्यांमधले ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून चव जुळवणारे लोक, स्वतः पाणी घालूनच नमुने तपासतात.

तापमानाचंही बघा. "रूम टेंपरेचरला प्या" हा सल्ला थंड देशातल्या खोलीचा आहे. मे महिन्यात आपल्याकडे कपाटातली बाटली ३२-३३ अंशांवर असते, आणि तेवढ्या उष्णतेत ग्लासातून आधी अल्कोहोलच उसळून वर येतो. बाटली पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, तेवढं पुरतं. तुमची महाग माल्ट घसा जाळत गेली त्याची कारणं मला इथेच दिसतात: बाटली गरम असेल, घोट मोठा असेल, आणि लेबलवर कदाचित ४६ किंवा त्याहून मोठा आकडा असेल. ती बाटली उरली असेल तर टाकू नका, पुढे लागणार आहे.

वास घेताना नाक ग्लासात खुपसू नका. ग्लास हनुवटीच्या उंचीवर धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळू वर आणा. पहिला घोट अगदी छोटा घ्या, तोंडभर फिरवा, गिळा, आणि त्याच्यावरून काहीही ठरवू नका. तो तोंडाला सवय व्हायला असतो. चव दुसऱ्या घोटात कळते. चकणा शेवटी. लसूण-मिरचीचं काही खाल्लं की तासभर बारीक वास लागतच नाहीत. मध्ये तोंड स्वच्छ करायला साधी पोळी किंवा ब्रेडचा तुकडा आणि पाणी पुरे.

पहिली जोडी लाकडाची. एक बर्बन, समजा जिम बीम, आणि एक आयरिश, समजा जेमिसन. दोन्ही मुंबईत सहज मिळतात. धान्यही वेगळं आहे, पण नाकाला आधी जाणवतं ते लाकूड. अमेरिकेतला कायदा असा की बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका हवा आणि ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरायला हवी. कोऱ्या लाकडाला आग लावली की त्यातून व्हॅनिलाचा आणि जळक्या साखरेचा वास देणारी द्रव्यं सुटतात, ओकमधून ओल्या खोबऱ्यासारखा वासही येतो, आणि हे सगळं व्हिस्कीत जोरात उतरतं. कॅरमल कस्टर्डचा वास आठवा आणि जिम बीमचा ग्लास नाकाशी आणा. मग लगेच जेमिसन. ती हलकी लागेल, थोडी हिरव्या सफरचंदासारखी. आयरिश व्हिस्की आयर्लंडमध्ये निदान तीन वर्षं मुरवावी लागते, पण पिंप वापरलेलं चालतं. जेमिसन तीनदा गाळलेली असते, त्यामुळे अंगानेही सौम्य.

इथे एक साखळी आहे जी मला फार आवडते. बर्बनवाल्यांना दर वेळी कोरं पिंप लागतं, म्हणून वापरलेली पिंपं त्यांच्याकडे साचतात. ती विकत कोण घेतं? स्कॉटलंड, आयर्लंड आणि आपले बंगळुरू-गोव्याचे डिस्टिलरीवाले. तुम्हाला एखाद्या स्कॉच माल्टमध्ये जो हलका व्हॅनिला लागतो, तो बऱ्याचदा अमेरिकेतल्या पिंपाचा उरलेला हिस्सा असतो. शेरी वाइनच्या पिंपात ठेवली तर मनुका, खजूर, लवंग अशा वासांकडे जाते. म्हणजे "स्कॉचची चव" अशी एक चव नसतेच. स्कॉटलंडमध्ये गाळून तिथेच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरवली आणि ४० टक्क्यांच्या खाली न आणता भरली की ती स्कॉच, पण त्या चौकटीत केकसारखी गोडही बसते आणि राखेसारखी कडवटही.

दुसरी जोडी धुराची, आणि ही सगळ्यात सोपी. बार्लीला मोड आणून ती वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. वाळवताना खाली पीट जाळलं, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून दबलेल्या झाडपाल्याची माती, तर तो धूर दाण्यात बसतो आणि गाळूनही जात नाही. चांगल्या बारमध्ये ग्लेनलिव्हेट १२ चा एक स्मॉल आणि स्कॉटलंडच्याच आयलाय बेटावरच्या लाफ्रॉयगचा एक स्मॉल मागवा. दोन्ही सिंगल माल्ट, दोन्ही स्कॉच. एक फुलाफळांची, दुसरी धूर, आयोडिन, दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीचा वास. खर्च टाळायचा असेल तर जेमिसनच्या शेजारी टीचर्स या स्कॉचचा ग्लास ठेवा. टीचर्सच्या ब्लेंडमध्ये, म्हणजे मिश्रणात, आर्डमोर डिस्टिलरीची धुरकट माल्ट असते आणि स्वस्तात धूर शिकायला तिच्याइतकी सोयीची बाटली मला माहीत नाही.

वेसाव्याच्या कोळीवाड्यातले एक काका आमच्याकडे येतात. त्यांना एकदा लाफ्रॉयगचा वास दिला, तर क्षणभरही न थांबता म्हणाले, "ही तर वाळत घातलेल्या कोळंबीच्या सोड्यांच्या बाजूला कुणी चूल पेटवल्यासारखी आहे." परदेशी पुस्तिकांमध्ये जे लिहिलेलं असतं त्यापेक्षा हे वर्णन मला जास्त नेमकं वाटलं. तुम्हीही हेच करा. हेदर, टॉफी, मार्झिपान हे शब्द शोधत बसू नका. सुंठ, चिक्की, ओला गवती चहा, पावसाळ्यातलं लाकडी कपाट, जे मनात येईल ते एका वहीत लिहा. पुढच्या वेळी तुमचाच शब्द तुम्हाला तो वास परत आणून देईल.

तिसरी जोडी धान्याची, आणि इथे आपल्या घरच्या बाटल्यांबद्दल नीट बोलायला हवं. क्वार्टरमध्ये विकल्या जाणाऱ्या आपल्या पुष्कळशा लोकप्रिय व्हिस्कींचा पाया असतो उसाच्या मळीपासून काढलेला, जवळजवळ बिनवासाचा अल्कोहोल. धंद्यात त्याला ईएनए म्हणतात. त्यात थोडं माल्ट स्पिरिट आणि काही ब्रँडमध्ये थोडी स्कॉच मिसळतात. काही ब्रँड मळी न वापरता धान्याचं स्पिरिट घेतात. मळीच्या पेयाला युरोपियन युनियनमध्ये व्हिस्की म्हणता येत नाही, कारण तिथल्या नियमात व्हिस्की धान्याचीच. यात तुच्छतेने बघण्यासारखं काही नाही. सोड्यात, चकण्याबरोबर, गप्पांत प्यायला ती बनवलेली आहे आणि ते काम ती करते. पण माल्ट कशाला म्हणतात हे तिच्यावरून कळणार नाही.

कळण्यासाठी तुमची नेहमीची बाटली एका बाजूला आणि पॉल जॉन ब्रिलियन्ससारखी भारतीय सिंगल माल्ट दुसऱ्या बाजूला ठेवा. दोन्हींचा एकेक थेंब वेगवेगळ्या तळहातांवर घ्या, चोळा, दहा सेकंद थांबा. अल्कोहोल उडून जातो आणि मागे जे राहतं ते हुंगा. माल्टच्या हातावर भाजलेल्या धान्याचा, बिस्किटासारखा, थोडा मधाचा वास राहतो. दुसऱ्या हातावर फारसं काही उरत नाही, उरलंच तर एसेन्ससारखा एकच गोड वास. ग्लास न धुता रात्रभर ठेवा आणि सकाळी परत वास घ्या, हेच आणखी स्पष्ट होईल. आमच्याकडे नवीन मुलगा बारवर आला की त्याचं शिक्षण मी रिकाम्या ग्लासांपासून सुरू करतो. त्यात डोकं हलकं व्हायची भीतीही नसते.

चौथी जोडी हवामानाची, आणि भारतीय माणसाने ही चुकवू नये. बंगळुरूच्या अमृत किंवा गोव्याच्या पॉल जॉनच्या शेजारी ग्लेनलिव्हेट १२. पिंपातून दर वर्षी काही व्हिस्की हवेत उडून जाते. स्कॉटलंडच्या थंडीत हे प्रमाण साधारण दोन टक्के, आपल्याकडे बंगळुरू-गोव्यात दहा टक्क्यांच्या आसपास. उष्णतेत व्हिस्की लाकडात जोरात शिरते आणि बाहेर येते, त्यामुळे रंग, गोडवा, मसालेदारपणा फार लवकर चढतो. इथे बारा वर्षं ठेवली तर पिंपात फारसं काही उरणार नाही, आणि जे उरेल ते लाकडाचा काढा असेल. म्हणून भारतीय माल्टवर बऱ्याचदा वयच नसतं, आणि ते नसणं म्हणजे लपवाछपवी नव्हे. अमृतने आपली सिंगल माल्ट २००४ साली आधी थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली. स्कॉटलंडच्या दारात जाऊन उभं राहण्याची ती हिंमत मला आजही मोठी वाटते. पण हिंमत राहू द्या, ग्लासच सांगतो: तरुण असूनही ती शेजारच्या बारा वर्षांच्या माल्टपेक्षा भारदस्त लागते.

वयावरून आठवलं. लेबलवरचा १२ हा आकडा बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं वय असतो, सरासरी नव्हे. जास्त वय म्हणजे जास्त लाकूड, जास्त दुर्मिळता आणि जास्त किंमत. चव चांगली असेलच असं नाही. शिकणाऱ्याने १८ वर्षांच्या बाटलीवर पैसे घालू नयेत असं मी सांगतो, कारण तिच्यातल्या बारकाव्यांसाठी आधी बाराची ओळख पक्की हवी. रंगावरही जाऊ नका. स्कॉचमध्ये कॅरमलचा रंग घालायला परवानगी आहे, त्यामुळे गडद म्हणजे मुरलेली असं म्हणता येत नाही. बर्बनमध्ये रंग घालता येत नाही, तिथे दिसतो तो लाकडाचाच.

तुमचे मित्र म्हणतात की ब्लेंड म्हणजे भेसळ आणि सिंगल माल्ट म्हणजे खरी. हे त्यांना सोडून द्यायला सांगा. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त माल्टची, मोठ्या तांब्याच्या भांड्यात गाळलेली. पिंपं मात्र तिच्यातही अनेक एकत्र केलेली असतात. ब्लेंडेड स्कॉचमध्ये अनेक डिस्टिलऱ्यांची माल्ट आणि उंच खांबासारख्या कॉलम स्टिलमध्ये गाळलेली गहू-मक्याची ग्रेन व्हिस्की असते. ब्लेंडरचं काम घरच्या गोड्या मसाल्यासारखं: या वर्षीचे धणे वेगळे, दगडफूल वेगळं, तरी आमटीची चव तीच लागली पाहिजे. जॉनी वॉकर ब्लॅक लेबल ब्लेंडच आहे, १२ वर्षांची आहे, आणि धूर, फळ, व्हॅनिला तिन्ही एका ग्लासात दाखवते. मला एकच बाटली घेऊन शिकवायला सांगितलं तर मी तीच घेईन. मधला टप्पा हवा असेल तर मंकी शोल्डर आहे, ती ब्लेंडेड माल्ट, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांची पण ग्रेन अजिबात नसलेली.

बाकीची नावं थोडक्यात उरकतो. जॅक डॅनियल्स बर्बनच्या जवळपास सगळ्या अटी पाळते, पण पिंपात जाण्याआधी मेपल लाकडाच्या कोळशातून झिरपवतात आणि ती स्वतःला टेनेसी व्हिस्की म्हणवते. अमेरिकन राय व्हिस्कीत निदान ५१ टक्के राय हे धान्य असतं, मिरपुडीसारखी तिखट लागते, आपल्याकडे तुरळक मिळते. जपानी व्हिस्कीचं घराणं स्कॉटिश. मासाताका ताकेत्सुरू १९१८ मध्ये स्कॉटलंडला जाऊन शिकून आले आणि तिथून ते शास्त्र जपानात रुजलं. ती सध्या महाग आहे, ती नंतरसाठी ठेवा.

खरेदीचं. पहिल्या संध्याकाळी लाकूड, दुसऱ्या वेळी धूर, मग धान्य आणि हवामान, असा क्रम ठेवा, आणि एका वेळी दोनच ग्लास. तिसऱ्यानंतर नाक थकतं. प्रत्येकात १५ मिली घाला, म्हणजे सगळा अभ्यास एका स्मॉल पेगमध्ये होतो. चार मित्रांत चार वेगवेगळ्या छोट्या बाटल्या घेतल्या तर एकट्याने खंबा घेण्यापेक्षा खर्च कमी आणि शिकणं जास्त. बऱ्याच ब्रँडच्या १८० मिलीच्या बाटल्या मिळतात, काहींच्या त्याहून छोट्याही. काउंटरवर विचारा, दुकानदार स्वतःहून दाखवत नाही. स्कॉच घेताना मागचं लेबल वाचा. टीचर्स, १०० पायपर्स, ब्लॅक डॉग यांसारख्या स्कॉच पिंपातून भारतात आणून इथे भरतात, म्हणून स्वस्त पडतात; आतला माल स्कॉटलंडचाच. पण लेबलवर "स्कॉच माल्ट मिसळलेली" अशा अर्थाचं काही असेल तर ती स्कॉच नव्हे, भारतीय व्हिस्की. महाराष्ट्रात यासाठी वय २५ पूर्ण आणि परमिट लागतं. एका दिवसाचं परमिट दुकानातच मिळतं, ते मागून घ्या. १५-१५ मिलीचा अभ्यास असला तरी त्या रात्री गाडी चालवायची नाही, घरी लोकलने किंवा टॅक्सीने जा. आणि काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नका.

उघडलेल्या बाटल्यांचं काय करायचं हेही तुम्ही विचारलं होतं. व्हिस्की बाटलीत मुरत नाही, पण हवेने उतरते. बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली तर अल्कोहोल बुचाला खातो. खिडकीतलं ऊन आणि गॅसच्या वरचं कपाट टाळा. भरलेली बाटली वर्षभरही नीट राहते. पाव उरली असेल तर दोन-तीन महिन्यांत संपवा किंवा छोट्या स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. तुमची ती महाग माल्ट निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर आज फक्त बूच घट्ट लावून ठेवा, आणि चारही जोड्या झाल्यावर पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून, चमचाभर पाणी घालून पुन्हा उघडा.